सुरमईची मर्यादा ठरवा, आणि ती त्याच बैठकीत वाटून घ्या: हिंद महासागर ट्यूना आयोगाच्या सदस्य देशांना खुले पत्र

प्रति,
सदस्य देशांचे प्रतिनिधी,
हिंद महासागर ट्यूना आयोग, व्हिक्टोरिया, सेशेल्स

सन्माननीय प्रतिनिधीहो,

आयोगाच्या कक्षेत सोळा जातींचे मासे येतात. पिवळ्या पराच्या कुप्यावर, म्हणजे यलोफिन ट्यूनावर, तुमच्या बैठकांत तासन् तास घासाघीस चालते, कारण त्यामागे डबाबंद उद्योग आणि दूरच्या देशांचे मोठे ताफे आहेत. पट्टेवाल्या सुरमईसाठी एवढा वेळ कोणी देत नाही. ती किनारी देशांच्या लहान बोटींची, ताज्या बाजाराची मासळी आहे, म्हणून ‘ज्याने त्याने आपल्या घरी बघावे’ असा सगळ्यांचा कल असतो. पण सुरमई एका देशाच्या हद्दीत राहत नाही. अंडी घालायला आणि खाद्याच्या मागे ती किनाऱ्याकिनाऱ्याने फिरते, आणि वाटेत प्रत्येक हद्दीत तिच्यासाठी जाळे लावलेले असते.

सुरमईच्या साठ्याच्या २०१७ आणि २०२० या दोन्ही मूल्यमापनांत तुमच्याच वैज्ञानिक समितीचा निष्कर्ष एक होता: साठा हवा त्यापेक्षा खाली गेला आहे आणि पकड झेपेल त्यापेक्षा जास्त आहे. तरीही सर्व सदस्यांना बांधील अशी पकडमर्यादा आजवर ठरलेली नाही. आमची मागणी अशी: तीन वर्षांसाठी वर्षाला १ लाख ३० हजार टनांची तात्पुरती मर्यादा ठरवा, आणि कोणाच्या वाट्याला किती हे त्याच ठरावात लिहा. वाटणी पुढच्या बैठकीवर ढकलायची असेल तर मर्यादा जाहीर करण्यात काही अर्थ नाही. असे का, ते पुढे येईलच.

आधी हा आकडा कुठून आला ते सांगतो. २०१७ च्या मूल्यमापनाने सुरमईचे कमाल शाश्वत उत्पादन, म्हणजे साठा न घटता दरवर्षी काढता येईल अशी सर्वांत जास्त पकड, साधारण १ लाख ३१ हजार टन धरले होते. २०२० मध्ये तेच सुमारे १ लाख ५८ हजार टनांवर गेले. या तीन वर्षांत समुद्रातली सुरमई वाढली असे कोणीही म्हणत नाही. वाढला तो कागदावरचा अंदाज. २०२० च्या अंदाजाची खालची कड मात्र १ लाख ३२ हजारांच्या आसपास येते, म्हणजे जुन्या अंदाजाच्या मधल्या आकड्याला जवळपास चिकटते. दोन्ही वेळच्या गणितांना मान्य होईल असा आकडा हाच. प्रत्यक्ष पकड गेली काही वर्षे दीड ते पावणेदोन लाख टनांच्या घरात आहे, तेव्हा कपात बोचणार, याची आम्हाला कल्पना आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की माहिती अपुरी आहे, आधी आकडेवारी सुधारू, मग मर्यादेचे बघू. माहिती अपुरी आहे हे खरे. पण त्यावरून मर्यादा लांबवावी असे ठरत नाही, ती खाली धरावी असे ठरते. खोली माहीत नसलेल्या खाडीत तांडेल बोटीचा वेग वाढवत नाही. शिवाय आज आकडेवारी न देण्यात सदस्यांचा फायदाच आहे: आकडे नाहीत म्हणून मर्यादा नाही, आणि मर्यादा नाही म्हणून आकडे गोळा करण्याची निकड नाही.

हे उलटवायचे तर माहितीची किंमत वाट्यातच घाला. ज्या सदस्याकडून सुरमईची लांबीवार मोजणी, म्हणजे किती लांबीचे किती मासे याची नोंद, येत नाही, त्याच्या वाट्यातला चौथा हिस्सा राखून ठेवा. ज्याची येते त्याचा फक्त दहावा. समजा एखाद्या देशाचा वाटा २० हजार टन आहे. मोजणी नसेल तर त्याला १५ हजार मिळतील, असेल तर १८ हजार. आयोगाच्या नियमाप्रमाणे टनामागे किमान एक मासा मोजायचा असतो, म्हणजे या देशाला वर्षाला २० हजार मासे मोजावे लागतील. लिलावाच्या वेळी धक्क्यावर एक माणूस सकाळभरात दोनशे सुरमया मोजतो असे धरले तर हे शंभर सकाळींचे काम झाले. मोजपट्टी, वही आणि शंभर दिवसांची मजुरी यांच्या बदल्यात तीन हजार टन सुटतात. कोणतेही अर्थखाते यावर सही करील.

आताच्या मूल्यमापनात एक फट आहे आणि मर्यादा लागू झाल्यावर ती रुंदावेल. सुरमईसाठी वापरलेल्या पद्धती मुख्यतः पकडीच्या आकड्यांवरच चालतात. पकड वाढत जाऊन उतरली की गणित म्हणते, साठा उतरला. पण उद्या पकड मर्यादेमुळे उतरली तर? गणिताला दोन्हींतला फरक कळत नाही. चांगल्या वागण्याचीही ते घसरण म्हणूनच नोंद करील. म्हणून मर्यादेच्या पहिल्या दिवसापासून साठ्याचा एक स्वतंत्र निर्देशांक हवा, म्हणजे ठरावीक मेहनतीमागे किती मासा मिळतो हे वर्षानुवर्षे दाखवणारा आकडा. त्यासाठी सगळा ताफा लागत नाही. प्रत्येक मोठ्या वाटेकरी देशात ठरावीक बंदरांतल्या ठरावीक बोटी निवडा, शक्यतो बोटीमागे गळ ओढणाऱ्या. गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या आणि मासा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याच्या, फेरीचा हिशेब जाळ्याची लांबी, उंची, आस (जाळ्याच्या डोळ्याचा आकार) आणि पाण्यातले तास या चारही गोष्टी लिहिल्याशिवाय लागत नाही आणि त्यांतली एक तरी हमखास राहून जाते. गळाच्या बोटीत गळ आणि तास एवढेच मोजायचे असते. तिथेही एक धोका असतोच. जीपीएसवर जुन्या जागा साठवल्या, ध्वनीने मासे हेरणारा नवा इको साउंडर बसवला, तर मासे कमी झाले तरी फेरीमागची पकड काही काळ टिकून राहते. तेव्हा बोटीवर कोणते यंत्र कधी आले याची नोंद निर्देशांकाच्या वहीतच ठेवा.

दर्जेदार नोंदीच्या आधीची पायरी मासा ओळखण्याची आहे. बऱ्याच धक्क्यांवर पट्टेवाली आणि ठिपकेवाली सुरमई एकाच ढिगात, एकाच नावाने लिहिली जाते. मग सचिवालय तो ढीग अंदाजाने फोडते. मोठ्या माशात फरक सोपा आहे, एकीच्या अंगावर उभे नागमोडी पट्टे आणि दुसरीवर ठिपके. पण पट्टेवालीच्या अर्धा मीटरच्या आतल्या पिल्लांत पट्टे थोडे आणि पुसट असतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. त्या वेळी अंगावरची बाजूची रेषा बघावी. पट्टेवालीत ती दुसऱ्या पाठपराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते, ठिपकेवालीत हळूहळू उतरत जाते. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घ्यावी, शेपटीच्या टोकापर्यंत नव्हे. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात मिसळल्या तर तो तक्ता टाकून द्यावा लागतो.

आता वाटणीकडे. एकूण आकडा ठरवायचा आणि वाटणी नंतर करायची, याचे काय होते ते तुम्ही स्वतः पाहिले आहे. आयोगाने स्किपजॅक ट्यूनासाठी २०१६ मध्ये पकडीचा नियम स्वीकारला. त्या नियमातून २०१८ ते २०२० साठी वर्षाला ४,७०,०२९ टनांची मर्यादा निघाली. नियम उत्तम होता, शेवटच्या टनापर्यंत मोजलेला होता. २०१८ मध्येच पकड सहा लाख टनांपलीकडे गेली. कोणाचा वाटा किती हे लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे मर्यादा मोडली असे एकाही देशाला म्हणता येईना. ईशान्य अटलांटिकमधल्या मॅकरेलचे, म्हणजे बांगड्याच्या थंड पाण्यातल्या भाऊबंदाचे, याहून वाईट झाले. २०२१ साठी शास्त्रज्ञांचा सल्ला ८,५२,२८४ टनांचा होता. किनारी देशांना तो आकडा मान्य होता. वाटणी मान्य नव्हती. प्रत्येकाने आपापला कोटा जाहीर केला आणि बेरीज भरली बारा लाख टनांच्या आसपास. हे एका वर्षाचे नव्हते. सल्ल्याचा आकडा पायरीपायरीने उतरत २०२५ साठी ५,७६,९५८ टनांवर आला आणि २०२६ साठी एकदम १,७४,३५७ टनांवर. त्या देशांकडे सर्वेक्षणाची जहाजे आहेत, अंडी मोजण्याच्या मोहिमा आहेत, मासे खुणावण्याचे कार्यक्रम आहेत. उणीव विज्ञानाची नव्हती.

वाटणीच्या निकषांवर तुमची तांत्रिक समिती २०११ पासून बसते आहे. सगळ्या जातींचा एकच सर्वंकष निकष शोधण्यात वर्षे गेली, पण त्या निकषाने एकाही जातीची वाटणी झालेली नाही. सुरमईपुरते बघितले तर काम सोपे आहे: दूरच्या पाण्यातून येणारे मोठे ताफे या माशावर जगत नाहीत, वाटेकरी किनारी देशच आहेत, आणि इंडोनेशिया, भारत, इराण या तिघांतच निम्म्याहून जास्त पकड आहे. टेबलाभोवती माणसे थोडी आहेत.

आधारवर्षे, म्हणजे ज्या वर्षांच्या पकडीवरून वाटा ठरेल ती वर्षे, निवडताना मात्र सांभाळा. शेवटची तीन वर्षे धरली तर ज्याने सर्वाधिक ओरबाडले त्याला सर्वाधिक बक्षीस मिळते. शिवाय ‘पुढच्या बैठकीत इतिहास मोजला जाणार’ अशी कुणकुण लागली की वर्षभर जो तो पकड फुगवतो, निदान कागदावर तरी. म्हणून कट-ऑफ तारीख मागची असावी आणि आधार लांबचा, किमान दहा वर्षांच्या सरासरीचा, त्यातली सर्वांत चढी दोन वर्षे वगळून. ज्या देशांच्या नोंदी तुटक आहेत पण मच्छीमारी खरी आहे, त्यांच्यासाठी एकूण मर्यादेतला दहा टक्के भाग बाजूला ठेवावा. आमच्या मते हाच भाग सर्वांत कडवट वादाचा ठरेल. तो दहा टक्क्यांचा असावा की बारा, याबाबत आमचा आग्रह नाही. तो असावा, एवढा आहे.

टनांत मर्यादा घातली म्हणजे मासे वाचले असे होत नाही, आणि सुरमईच्या बाबतीत तर अजिबात नाही. पन्नास सेंटिमीटरची सुरमई जेमतेम एक किलोची असते, नव्वद सेंटिमीटरची साडेपाच किलोंच्या पुढे. एका टनात पहिल्या प्रकारच्या हजार बसतात, दुसऱ्या प्रकारच्या पावणेदोनशे-एकशेऐंशी. मादी अंड्यांवर येते ती साधारण सत्तर ते पंच्याऐंशी सेंटिमीटरला, समुद्राच्या भागाप्रमाणे थोडी पुढेमागे. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळूनही एखादा ताफा पाचपट मासे मारू शकतो आणि त्यांतल्या जवळपास एकीनेही एकदासुद्धा अंडी घातलेली नसतील. हा काल्पनिक धोका नाही. मोठी सुरमई विरळ झाली की जाळ्याचा आस लहान होत जातो, वजन तेवढेच भरते, आणि धक्क्यावरच्या वजनकाट्याला काही बदलल्याचा पत्ता लागत नाही.

किमान लांबीचा कायदा हे यावरचे नेहमीचे औषध. ओमानमध्ये ही मर्यादा ६५ सेंटिमीटर आहे. काही ठिकाणी ती याहून खाली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नाहीच. पहिली अडचण, ६५ सेंटिमीटर हे पक्वतेच्या लांबीच्या आतच आहे. दुसरी अडचण जास्त मोठी: गिलनेटमध्ये अडकलेली सुरमई लवकर मरते. कायद्याने मनाई असलेली पिल्ले मग मेलेलीच पाण्यात फेकली जातात आणि नोंदीतूनही गायब होतात. फेकायला लावणारा नियम इथे नको. सत्तर सेंटिमीटरखालची सुरमई धक्क्यावर आणू द्या, विकू द्या, पण देशाच्या वाट्यातून ती दुप्पट वजनाने वजा करा. मग पिल्ले टाळण्यात देशाचाच हिशेब सुटतो. आस वाढवायला किती मुदत द्यायची, पिल्लांचे गट कोणत्या महिन्यात कोणत्या खाडीतोंडाशी असतात, हे ज्याने त्याने आपल्या किनाऱ्यावर ठरवावे. गिलनेट ठरावीक लांबीच्या पट्ट्यातलेच मासे धरते: लहान निसटतात, फार मोठे आत घुसत नाहीत. त्यामुळे आस वाढवला की पकडीचा पट्टा वर सरकतो. सुरमईचे दात जाळ्यात अडकत असल्याने तो पट्टा इतर माशांइतका नेटका राहत नाही, पण सरकतो हे नक्की. काही वर्षांनी जाळी तशीही बदलावी लागतात; अनुदान द्यायचेच तर ते त्या वेळी, मोठ्या आसाच्या जाळ्याला द्यावे. इंजिनाला देऊ नये.

बंदीच्या काळाबद्दल थोडक्यात. ओमानमध्ये सुरमईला १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. प्रत्येक बंदी आपापल्या जागी योग्य असेल, पण या तारखा एकमेकींशी बोलून ठरलेल्या नाहीत. एका हद्दीत बंदीमुळे मासा सुटतो तेव्हा शेजारच्या हद्दीत हंगाम सुरू असतो. अरबी समुद्राच्या देशांनी निदान अंडी घालण्याच्या काळापुरते एक वेळापत्रक समोर ठेवून बसावे. ओमानची गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे: १९८८ मध्ये तिथे सुरमईची पकड २७ हजार टनांच्या वर गेली होती आणि पुढच्या काही वर्षांतच ती त्याच्या एका लहान हिश्शावर आली. बंद हंगाम आणि किमान लांबी हे उपाय एवढे पडल्यावरचे.

मर्यादा गाठली हे वेळेत कळले पाहिजे. वर्षाला १ लाख ३० हजार टन म्हणजे दिवसाला सरासरी साडेतीनशे टन. भर हंगामात दुप्पट, सातशे धरा. बंदरातली नोंद राजधानीत आणि तिथून सचिवालयात पोचायला तीन आठवडे लागत असतील, तर कागद ज्या दिवशी ‘मर्यादा भरली’ म्हणतो, त्या दिवशी पंधरा हजार टन जास्तीचे निघून गेलेले असतात, म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक. तेव्हा नोंद अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर येताच मासेमारी थांबवा, किंवा नोंद आठवड्यात आणा आणि पंच्याण्णवपर्यंत जा. वाटा ओलांडला तर पुढच्या वर्षी तेवढाच कापा, सलग दुसऱ्यांदा ओलांडला तर सव्वापट. उरलेला वाटा पुढे न्यायला मुभा असावी, पण दहा टक्क्यांपर्यंतच, नाहीतर तीन वर्षांची शिल्लक एका हंगामात बाहेर पडते. चोवीस मीटरखालच्या, आपल्याच हद्दीत फिरणाऱ्या बोटींना आयोगाची लॉगबुक (पकडनोंदीची वही) मोठ्या बोटींइतक्या सक्तीने लागू नाही आणि सुरमईच्या बोटी बहुतांशी त्याच आहेत. प्रत्येक होडीवर वही पोचवण्याचा हट्ट धरू नका. लिलावाच्या जागा होड्यांपेक्षा कितीतरी कमी असतात. मोजणी तिथे बसवा.

तीन वर्षांनंतर मर्यादा आपोआप हलावी, प्रत्येक वेळी नव्याने भांडण नको. साधा नियम पुरे. निर्देशांकाच्या शेवटच्या दोन वर्षांच्या सरासरीला त्याआधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने भागा आणि येणाऱ्या गुणोत्तराने मर्यादेला गुणा. गुणोत्तर ०.८ आले तर १ लाख ३० हजारांचे १ लाख ४ हजार होतील. अशी पद्धत उत्तर अटलांटिकमध्ये माहिती कमी असलेल्या साठ्यांसाठी वापरली गेली आहे. तिची खोडही माहीत आहे: भराभर वाढणाऱ्या माशाच्या बाबतीत ती मागे पडते. सुरमई पहिल्याच वर्षात अर्धा मीटर ओलांडते, म्हणून हा हिशेब तीन वर्षांनी नको, दरवर्षी करावा. वर जाताना एका वर्षात दहा टक्क्यांहून जास्त नाही, खाली येताना तीस टक्क्यांपर्यंत मोकळीक.

मोठी कपात राजकीयदृष्ट्या अशक्य असते, असे तुमच्यापैकी काही जण खासगीत म्हणतात. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातल्या निळ्या पराच्या ट्यूनाबाबतही तेच म्हटले जात होते. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे १५ हजार टन सुचवले आणि तिथल्या आयोगाने पुढच्या वर्षासाठी २९,५०० टन ठरवले. प्रत्यक्ष पकड त्याहूनही पुष्कळ जास्त असल्याचा अंदाज होता. नंतर मर्यादा २०१० साठी १३,५०० टनांवर आणि २०११ साठी १२,९०० वर आली, माशांच्या प्रत्येक खेपेसोबत पकड-दस्तऐवज सक्तीचा झाला, पोसण्यासाठी पिंजऱ्यात जाणारे मासे कॅमेऱ्यासमोर मोजले जाऊ लागले. २०२३ ते २०२५ या वर्षांसाठी तिथली मर्यादा ४०,५७० टन होती. ज्या देशांनी कपातीला सर्वाधिक विरोध केला होता, त्यांच्याच बोटी आज हा वाढीव कोटा पकडत आहेत.

शेवटी आक्षेपाचे कलम. आयोगाच्या करारानुसार कोणताही सदस्य १२० दिवसांत आक्षेप नोंदवून ठरावातून बाहेर पडू शकतो. पिवळ्या पराच्या कुप्याच्या २०२१ च्या ठरावातून भारत, इंडोनेशिया, इराण आणि ओमान यांच्यासह काही सदस्य असेच बाहेर पडले. त्यांची कारणे सगळीच पोकळ नव्हती. लहान मच्छीमारांचा भार मोठ्या ताफ्यांनी उचलावा हे म्हणणे रास्त आहे. सुरमईत मात्र मोठा ताफा दाखवायला कोणी नाही. कलम बदलणे सोपे नाही, म्हणून ते बदला असे आम्ही म्हणत नाही. ठरावात एक ओळ घाला: आक्षेप घेणारा सदस्य त्याच पत्रात त्या वर्षी आपण किती टन सुरमई पकडणार आणि कोणत्या आधारावर, हे लिहील, आणि सचिवालय तो आकडा बाकीच्या वाट्यांच्या रांगेतच छापून तळाशी सगळ्यांची बेरीज देईल.

आपले,
सागरी मत्स्यसाठ्यांची मोजणी आणि व्यवस्थापन या क्षेत्रात काम करणारे आम्ही